दत्ताकडचे आप्पा

१० मे, शुक्रवार. आष्टा

मतदानाची पानं संपली. निकालाला अजून वेळ आहे, तोवर रजा मंजूर. संपादक म्हणाले, फोन चालू ठेवा. म्हटलं, जिथं चाललोय तिथं रेंज नाही. त्यांना ते खोटं वाटलं असावं.

खोटं नाही. माझ्या धाकट्या भावाचं, दत्ताचं घर कोयनेच्या फुगवट्याला लागून. बामणोलीहून लाँचनं पलीकडे जायचं. विजेचा खांब नाही, गाडीरस्ता नाही. जागा त्याच्या बायकोच्या, रेखाच्या माहेरची. त्यानं लष्करातून सुटून आल्यावर स्वतः खपून बांधलं. मी अजून पाहिलेलं नाही. वेळ मिळाला नाही, असं सगळ्यांना सांगत आलो.

आप्पा, आमचे वडील, फेब्रुवारीत तिथं गेले. माझी निवडणुकीची धावपळ, बायकोच्या, मंदाच्या शाळेत परीक्षा, आणि आप्पांचा खोकला हटेना. दत्ता म्हणाला, "पंधरा दिस नेतो दादा, हवापालट हुईल." मी हो म्हटलं. आता मे चालू आहे.

परवा दत्तानं टेकडीवर चढून आवाजी निरोप पाठवला. लाँचची वेळ, येताना तूरडाळ आणा वगैरे. त्याच्या मागं कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. पुन्हा पुन्हा ऐकलं तेव्हा कळलं, आप्पा. म्हणजे आप्पा टेकडी चढले. आमच्याकडे माडीचा जिना चढायचा म्हटला की गुडघ्यावर हात.

यावेळी त्यांना घेऊनच यायचं. मंदाला तसं सांगितलं आहे. दत्ताला नाही.

११ मे, शनिवार. दत्ताकडे

सातारा स्टँडवर मला आणि मंदाला आमची लेक सई भेटली, पुण्याहून थेट आली. पाठीला केवढी तरी सॅक. "काकांनी बोलावलंय ना, मग मी पूर्ण सुट्टी राहणार." आम्ही बोलावतो तेव्हा तिला सबमिशन असतं.

पाणी उन्हाळ्यानं मागं गेलंय. लाँच लांबच थांबली. तडकलेल्या गाळातून चालत, डोक्यावर सामान. काठावर एक माणूस उभा होता. हिरवी टोपी, ट्रॅक पँट, हातात काठी नाही. मला वाटलं दत्तानं कुणी गडी ठेवलाय.

आप्पा होते. जन्मभर धोतर नेसलेला माणूस. माझ्या लग्नात पायजमा घाला म्हटलं तर दोन दिवस बोलले नव्हते.

"आलास व्हय रघू? डाळ आणलीस?"

एवढंच. मग सईचा गालगुच्चा. मंदाला, "वाळलीस गं." मला डाळीच्या पुढं काही नाही.

दत्ता म्हणाला, "पँट मीच दिली. गाळात धोतर वल्लं हुतंय म्हटलं, तर लगेच घातली की." लगेच घातली.

१२ मे, रविवार

येताना आप्पांचं दाढीचं सामान आठवणीनं घेतलं होतं. त्यांचा हात थरथरतो म्हणून घरी दर रविवारी मी करून देतो. सकाळी वाटीत गरम पाणी घेऊन गेलो, तर आप्पा ओसरीच्या खांबापुढे उभे. खांबाला गाडीचा जुना आरसा ठोकलेला. निम्मी दाढी झालेली. हात अगदी स्थिर.

रेखा चुलीवरून म्हणाली, "मामा रोज करत्यात, भावजी. हितं आल्यापास्नं."

वाटी घेऊन परत आलो. मंदानं पाहिलं, आणि परत अंथरुणाच्या घड्या घालायला लागली. तेवढं बरं केलं.

घर मात्र चांगलं आहे. हे लिहायलाच हवं. दगडमातीच्या भिंती, वर पत्रा, पत्र्यावर गवत. सौर पाटीवर तीन दिवे आणि फोन चार्ज होतात. पाणी वरच्या झऱ्यावरून नळीनं येतं, मोटर नाही. चुलीच्या धुराचा वास सगळ्या कपड्यांना. पुढं पाणी, पलीकडे डोंगर, आणि ऐकू येतं ते फक्त पाखरू नाहीतर लांबची लाँच. पर्यटन पुरवणीसाठी असल्या जागांवर मी कित्येक लेख दुरुस्त केले. त्यात 'स्वर्ग' शब्द आला की कापायचा, हा माझा नियम. आज सईनं तोच शब्द वापरला. कापता आला नाही.

१३ मे, सोमवार

जेवणाचं. आप्पांनी नाचणीच्या दोन भाकरी खाल्ल्या, वर कुळथाचं पिठलं परत मागून घेतलं. घरी अर्धी चपाती पुढ्यात ठेवून म्हणतात, सरत न्हाई.

मंदा भांडी घासताना रेखाला म्हणाली, हसत, पण मला तिचं हसणं ठाऊक आहे, "आमच्याकडं आम्ही उपाशीच ठेवलं होतं गं त्यांना."

रेखा बिचारी गडबडली. "आवं आक्का, भूक लागतीया त्यास्नी. दिसभर वाफ्यात असत्यात."

वाफे म्हणजे घरामागची उतारावरची पट्टी. कांदा, मेथी, भोपळ्याचे वेल. नळीचं पाणी कुठं वळवायचं, किती वेळ धरायचं हे आप्पा ठरवतात. दत्ता, सुभेदार होऊन निवृत्त झालेला गडी, सकाळी त्यांच्यापुढं उभा राहून विचारतो, "आज काय हुकूम?" आणि आप्पा खरंच हुकूम देतात. "मेथीला वाईच कमी. मिरचीला मी सांगंस्तवर थांबू नको."

दत्ता "जी सर" म्हणतो. मग दोघं हसतात. त्यांचं रोजचं असावं. मला ते पहिल्यांदाच दिसलं.

१४ मे, मंगळवार

आप्पांचा रेडिओ आणला होता, नव्या सेलसकट. सांगली केंद्राचा कार्यक्रम ऐकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी हातात घेतला, फिरवून पाहिला, आणि रेखाला दिला. "तुला ऱ्हाऊ दे. भाकऱ्या करताना करमंल."

दुपारी सईनं सरळ विचारलं. तिला कशाचं भय नाही. "आजोबा, इथं दाढी स्वतः करता, मग घरी बाबांकडून का करून घेता?"

आप्पा करवंदं निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "त्येला बरं वाटतंय म्हणून."

सई खो खो हसली. मंदा पण. मीही हसलो. मग पाण्याकडे फिरायला गेलो.

कधीपासून? की पहिल्या रविवारपासूनच हात धड...

संध्याकाळी विषय काढलाच. म्हटलं, आप्पा, घरचं रान ओकंबोकं पडलंय. ऊस मार्चमध्ये कारखान्याला गेला, नांगरून ठेवलंय. तुम्ही आल्यावर बघू काय ते.

"माझ्याशिवाय काय अडलंय? तुझी मोटर मोबाइलवर चालू हुती. हिकडं तू हापिसात बोट दाबतूयास, तिकडं पाणी पडतंय. मी आपला बांधावर बसून बघायचं, नळातनं पाणी आलं का न्हाई. कुत्रं बसतंय तसं."

म्हटलं, लाइट रात्रीची येते, तुम्ही अंधारात विंचूकाट्यातून जाता, म्हणून तर तो स्टार्टर बसवला.

"व्हय. चांगलाच हाय की."

आप्पा 'चांगलाच हाय' म्हणाले की विषय संपला.

हा स्टार्टर बसवला तेव्हा शेजारपाजारचे बघायला आले होते. मी म्हाताऱ्या बापाची किती काळजी घेतो, असं बोलले. मला ते आवडलं होतं.

१५ मे, बुधवार

आज सगळे देवीला. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं, देवी वर आणून बसवली. चढ खडा. आप्पा माझ्या पुढं.

मला आधी वाटलं नुसतं दर्शन. वर गेल्यावर कळलं, आप्पांना कौल लावायचाय. दत्तानं गुरवाला आधीच सांगून ठेवलेलं. मला कुणी सांगितलं नाही.

गुरवानं तगरीच्या ओल्या कळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नाही. आप्पांना म्हणाला, "काय इचारायचं त्ये मनातल्या मनात इचारा." आप्पांनी हात जोडले, डोळे मिटले. मग सगळे बसून राहिलो. बाहेर दत्ता कंबरेवर हात ठेवून उभा. त्याच्याही ओठांची हालचाल चालू होती.

बराच वेळ काही नाही. मंदा माझ्या कानाशी, "पाणी सुकल्यावर पडणारच की एक."

उजवी पडली.

आप्पांचा चेहरा उजळला. दत्तानं सुस्कारा सोडला, मला ऐकू आला. त्यानं खिशातली नोट ताटात टाकली, गुरवाच्या पाया पडला.

उतरताना मी विचारलं, "काय विचारलंत?"

"इचारलेलं फोडायचं नसतंय. कामाला हात लागंस्तवर."

तसा रिवाज आहे, गुरवानंही मान डोलावली. पण न फोडताही कळतंच. आपण इथं राहावं का, याशिवाय आप्पा दुसरं काय विचारणार? आणि देवी तरी कुणाची? दत्ताच्या सासुरवाडीची.

१६ मे, गुरुवार

दत्तालाही तेच वाटतंय. सकाळीच घराच्या दक्षिण अंगाला चुन्याच्या फक्कीनं रेघा मारल्या. आप्पांची खोली. संडास आतल्या आत, खुर्चीचा. खिडकी पाण्याकडं.

"दादा, कसं वाटतंय?"

"छान."

"खिडकी मोठी ठिवतो. त्यास्नी उठल्या उठल्या पाणी दिसलं पायजे."

आप्पांना विचारलंस का म्हटलं. म्हणाला, "त्यास्नी काय इचारायचं? देवीनं उजवी दिली न्हवं?"

आप्पा वाफ्यात होते. रेघांकडे एकदा पाहिलं, काही बोलले नाहीत. नको असतं तर बोलले असते.

मंदा म्हणते, सरळ विचारा. तीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरलं, बापाला एक विचारता येत नाही? म्हटलं, विचारीन. तिनं परत विचारलं, कधी?

आज चिडचिड झाली. कुणावर ओरडलो नाही, माझा तो स्वभाव नाही. पण सई काकाबरोबर मापं घेत होती, टेप धरून, आणि "काका, इथं पुस्तकांना कोनाडा ठेवू," म्हणत होती, तेव्हा उठून गेलो. आप्पांना वाचायला लागतं हे दत्ताला कुठं माहीत होतं? माझ्या मुलीनं सांगितलं.

दत्ता सगळी नोकरी बाहेर. आईच्या आजारपणात मी. आप्पांच्या मोतीबिंदूला मी. गावकीत, भावकीत, बँकेत, दवाखान्यात मी. आणि आप्पा हसतात कुठं, तर

असो. हे लिहिताना सुद्धा हिशेब मांडल्यासारखं दिसतंय.

१७ मे, शुक्रवार

वर आंब्याखाली रेंज येते. ऑफिसचं काही आहे का पाहायला गेलो. ऑफिसचं काही नव्हतं, त्याचाही थोडा राग आला. तेवढ्यात पाटील अण्णांचा फोन. आमचे बांधशेजारी, जैन शेतकरी, आप्पांचे जुने मित्र.

"रघुनाथराव, बेणं कवा टाकू रानात?"

"कसलं बेणं?"

"हळदीचं ओ. आप्पांनी मागं फोन करून सांगितलं हुतं, बेणं राखून ठेव, देवाला इचारून सांगतो म्हणून. आता अक्षय्य तृतीया बी झाली. टेंपोवाला रिकामा हाय. ऊस लावायचा का हळद, काय ठरलं तुमचं?"

मी तिथंच दगडावर बसलो.

हळद. देवीला हळदीचं विचारलं. आणि हळद म्हणजे नऊ महिने. लावण, पाणी, भांगलण, भर लावणं, काढणी, शिजवणं. उसाला माणूस नसला तरी चालतं, हळदीला चालत नाही. ज्याला इथं राहायचंय तो आष्ट्याच्या रानात हळद लावत नाही.

"अण्णा, आजच टाका बेणं. सऱ्या पाडायला पण सांगा." मुद्दामच घाई केली. एकदा कामाला हात लागला की मागं फिरणं नाही.

खाली आलो तर दत्ता बनियनवर, पाया खणत होता. जमीन मुरमाड, टिकाव ठणठणत होता. मला म्हणाला, "दादा, दोरी धर की जरा."

मी दोरी धरली. तो खणत राहिला. मी काही सांगितलं नाही. घाम त्याच्या कोपरावरून ठिबकत होता. मला आत गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला लिहू.

जेवण छान गेलं. नाचणीची भाकरी चांगली लागते.

१८ मे, शनिवार

झालं ते असं. सकाळी आप्पा काठी न घेता आंब्यापर्यंत गेले. आल्यावर जेवायला बसले, आणि म्हणाले, "अण्णा म्हणतोय बेणं कालच रानात पडलं. आता सांगायला हरकत न्हाई. देवीला हळदीचं इचारलं हुतं. दोन साल उसानं रान थकलंय, हळद लावू का म्हणून."

दत्ताचा हात ताटातच राहिला. हाताला मुरमाची माती होती, धुवूनही न गेलेली.

"हळदीचं? आन मी ह्यो पाया खणतोय त्यो?"

"तुला कुणी खण म्हटलं हुतं?"

"देवीनं उजवी दिली म्हणून..."

"आरं, देवीला मी इचारलं. तू न्हाई."

रेखा हसू दाबायला तोंडाला पदर लावून आत गेली. इथपर्यंत सगळं बरं होतं. मग दत्ताचं लक्ष गेलं. "बेणं काल पडलं? आप्पा तर आज बोलले. मग काल अण्णाला कुणी सांगितलं?"

मंदा माझ्याकडं बघत होती, तिलाही माहीत नव्हतं.

"मी," म्हटलं.

"म्हंजे काल तुला ठावं हुतं."

"हो."

"आन मला खड्डं खणू दिलंस. वर दोरी धरलीस."

सई ताटाकडे बघत बसली. ती मान खाली घालते तेव्हा ती चिडलेली नसते, लाजलेली असते. माझ्यासाठी.

दत्ता ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "दादा, तुला बाप जन्मभर हाय. मला सुट्टीपुरता. गाडीतनं उतरलो की जायाचं तिकीट बघायचं. आता कुठं तीन म्हयनं घरात हाय, तर तुला बघवंना. मला काय त्येंचं रान पायजे हाय व्हय?"

"दत्तू, जेव," आप्पा म्हणाले.

"जेवतो की."

सगळे जेवले. आप्पांनी हात धुताना खणलेल्या पायाकडं पाहिलं. "बुजवू नको. शेणखत टाक त्यात, दुधी लाव. लय चांगला यील." कुणी हसलं नाही, तेव्हा ते स्वतःच थोडं हसले.

मंदा दुपारभर रेखाबरोबर चुलीपाशी होती. मग मला एकच, "तुम्ही शाळेतली पोरं बरी. ती निदान बाई बघतीय म्हणून थांबतात."

१९ मे, रविवार

दत्ताला सॉरी म्हणायला गेलो. तो लाँचवाल्याच्या मशिनचा पट्टा बसवून देत होता. म्हणाला, "पाना दे त्यो." दिला. बराच वेळ दोघं काम करत राहिलो. मी शब्द जुळवत होतो. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे रं दादा. मी बी तुला कौलाचं आधी बोललो न्हवतोच की. तू असलास तर आप्पा बिचकतील, असं वाटलं हुतं."

म्हणजे तोही. बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

आप्पांना विचारलं शेवटी. ते मिरचीच्या वाफ्याला बांध घालत होते. "उद्या येताय ना आमच्याबरोबर?"

"तुमी व्हा फुडं. सऱ्या पाडूस्तवर चार-पाच दिस जातील. हितं भोपळ्याला पाणी कोण धरणार? लावणीला दत्तू आणल मला."

"आणि लावणीनंतर?"

"लावण तर हूदे."

म्हटलं, हळद नऊ महिन्यांची असते, आप्पा.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मला शिकवतोस व्हय?" रागानं नाही. पण पुढं काही सांगितलंही नाही.

२० मे, सोमवार. आष्टा

परत. सई तिथंच राहिली. तिनं आधीच सांगितलं होतं, तरी लाँच सुटेपर्यंत मला वाटत होतं, येईल. ती आणि आप्पा काठावर उभे होते, दोघंही ट्रॅक पँटमध्ये. आप्पा ओरडून काही सांगत होते. मशिनच्या आवाजात नीट आलं नाही. मंदाच्या मते, अण्णाला सांग, सऱ्या रुंद पाडा.

घरी आल्यावर पंखा, फ्रीज, टीव्ही, सगळ्यांचा आवाज येत होता. आधी कधी आला नव्हता.

२५ मे, शनिवार

लावण झाली. कालच आप्पा आले, दत्ता घेऊन आला. आप्पांनी धोतर नेसलेलं, माझ्या डोळ्यांत ते भरलं. मंदानं दुसरीच गोष्ट टिपली, एकच पिशवी. "बाकीचे कपडे तिकडंच आहेत."

सकाळपासून रानात. बायका सरीत बेणं मांडत गेल्या, आप्पा बांधावरून, "डोळा वर ठेवा गं, पालथं नको." दत्ता पाट्या वाहत होता, मी पण वाहिल्या. दोन पाट्यांत कंबर धरली. अण्णा म्हणाले, "रघुनाथराव, तुमचं काम लिवायचं, हे तुमाला व्हायचं न्हाई." आप्पा हसले. मला चाललं. इथं, माझ्या रानात हसले.

पाणी सोडायच्या वेळी मी खिशातून फोन काढला. आप्पा म्हणाले, "त्ये ठेव. मी जातो." विहिरीपर्यंत चालत गेले, हातानं बटण दाबून आले. घामाघूम, पण चालण्यात ऐट. संध्याकाळी वायरमनला बोलावून मोबाइलवरचं कनेक्शन काढून टाकलं. अण्णांनी विचारलं का, म्हटलं बिघडलं.

२६ मे, रविवार

दत्ता परत निघाला. त्याला इस्लामपूरच्या एसटीत बसवायला गेलो, तिथून तो साताऱ्याची गाडी धरणार होता. आप्पांनी त्याला सांगितलं होतं, आंबवणी आणि चिंबवणी, लावणीनंतरची दोन पाणी माझ्या हातनं देतो, मग बघू. चिंबवणीपर्यंत आहेत, इतकं नक्की.

स्टँडवर चहा घेतला. दत्ता म्हणाला, "आंबवणी बुधवारात हुईल. चिंबवणी कवा?"

"जमिनीला वाफसा आल्यावर, ओल उतरली की."

"म्हंजे कवा?"

"ते आप्पा सांगतील."

माझ्याकडं बघत राहिला. मग हसला, पहिल्यांदाच या आठ दिवसांत. "पेपरवाला हायस गड्या तू." गाडीत चढता चढता म्हणाला, "दुधी लावलाय पायात. उगावलाय. सांग त्यास्नी."

सांगितलं नाही अजून.

२९ मे, बुधवार

आंबवणीचं पाणी झालं. आप्पा सकाळपासून रानात, मंदा शाळेला सुट्टी असल्यानं भाकरी घेऊन गेली. दीड भाकरी खाल्ली म्हणाली. मी ऑफिसमधून फोन केला, तेव्हा तिनं आधी हेच सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

२ जून, रविवार

निकालाची पानं उद्यापासून. आज घरीच. संध्याकाळी आप्पांबरोबर रानात. ते सरीत बसले, मातीत बोट घातलं, मग मूठभर माती दाबून सोडली. माती सुटून पडली. काल आणि परवाही असंच, मंदानं सांगितलं होतं.

अण्णा बांधावरून, "आप्पा, चिंबवणी द्या की. माझं झालं बी."

"बघू उद्या. अजून वल हाय खाली."

मला शेतीतलं फार कळत नाही. पण मीही माती हातात घेतली होती. कोरडी वाटली.

हात झटकले. घरी येईतो दत्ताचे दोन फोन येऊन गेलेले. म्हणजे टेकडी चढून त्या आंब्याखाली उभा असेल, अजून. आप्पा ओसरीवर पाय धूत आहेत. फोन माझ्या हातात आहे. ते विचारतील, कुणाचा हुता रं? काय सांगायचं, ते अजून ठरत नाही.